फ्रिजवरचं कॅलेंडर

कोटही काढला नव्हता, तेवढ्यात हॉटलाइनच्या, म्हणजे नाव न सांगता तक्रार करायच्या, फोनवरचा लाल दिवा दिसला. जानेवारी २०१९, न्यू जर्सी. तीन दवाखाने चालवणाऱ्या एका ग्रुपची मी तेव्हा कम्प्लायन्स ऑफिसर होते, म्हणजे नियम पाळले जातात ना हे बघणारी. वर्षभरात त्या नंबरवर काय आलं होतं, तर पार्किंग आणि बिघडलेलं कॉफी मशीन. आज आमच्या एका दवाखान्यातून एका बाईचा दबका आवाज होता. "डॉक्टर इथे नव्हतेच, तरी बिलं त्यांच्याच नावाने गेलीत." बस. फोन ठेवलेला.

मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हिशेब असा: नर्स प्रॅक्टिशनरने (स्वतः पेशंट तपासू शकणारी, जास्त शिकलेली नर्स) पेशंट तपासून स्वतःच्या बिलिंग नंबरावर बिल लावलं, तर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के मिळतात. तेच काम 'इन्सिडेंट टू', म्हणजे डॉक्टरच्याच उपचाराचा भाग, म्हणून डॉक्टरच्या नंबरावर गेलं की पूर्ण १००. पण त्यासाठी उपचाराची दिशा डॉक्टरने आधी ठरवलेली लागते, आणि त्या वेळी तो त्याच ऑफिसात हजर लागतो. शेजारच्या खोलीत असला तरी चालेल, फोनवर चालत नाही. व्हिडिओची सवलत कोविडमध्ये आली, तेव्हा नव्हती.

एचआरकडे रजेची नोंद मागितली असती तर तासाभरात गावभर झालं असतं. दुपारी त्या दवाखान्यात गेले, पॅन्ट्रीत पाणी घेतलं, आणि समोर फ्रिजवर इंडियन ग्रोसरीवाल्याचं लक्ष्मीचं कॅलेंडर. जानेवारी निम्मा संपला तरी डिसेंबरचंच पान. ३ तारखेपासून १४ पर्यंत जाड मार्करची रेघ, वर लिहिलेलं: 'डॉ. इंडिया'. फोटो काढून घेतला.

संध्याकाळी क्लेम्सची, म्हणजे मेडिकेअरला गेलेल्या बिलांची, यादी काढली. त्या दहा कामाच्या दिवसांत डॉक्टरांच्या नंबरावर शंभरावर क्लेम. प्रत्येक नोटच्या शेवटी एकच ओळ, 'डॉक्टरांशी चर्चा केली', आणि प्रत्येक ठिकाणी तोच पूर्णविराम राहिलेला.

मॅनेजरचा पहिला प्रश्न, "कोण बोललं?" मी म्हटलं, ते पुन्हा विचारलंस तर मला दुसरी फाइल उघडावी लागेल. तक्रार करणाऱ्याचं नाव शोधायला लागलं की हॉटलाइन संपली, मग तिचं पोस्टर बाथरूममध्ये लावा नाही तर छतावर.

डॉक्टर आपल्यातलेच, साठीचे. गणपतीच्या आरतीला आम्ही शेजारी उभे असायचो. त्यांचा फोन आला तो मराठीतच.

"अगं, पेशंट खरे, तपासणी खरी, औषधं खरी. मग चोरी कसली? पंधरा टक्क्यांसाठी एवढा बोभाटा?"

"डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही पुण्यात पुतण्याच्या लग्नात होतात."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "बिल माझ्या नावाने जातंय हे मला माहीतच नव्हतं गं."

आणि ते खरं निघालं. सॉफ्टवेअर बसवताना कुणीतरी नर्स प्रॅक्टिशनरच्या खात्याला डॉक्टरांचा नंबर जोडून ठेवला होता. म्हणजे प्रश्न एका लग्नापुरता नव्हता. त्या नर्स रुजू झाल्यापासूनची डॉक्टरांची प्रत्येक रजा, प्रत्येक कॉन्फरन्स तपासायची. जास्त घेतलेल्या पैशासाठी सहा वर्षं मागे जावं लागतं, आणि तेव्हाच्या नियमाने रक्कम नक्की झाली की ६० दिवसांत परत करायची होती. जाणूनबुजून दाबून ठेवली तर फॉल्स क्लेम्स ॲक्ट. सरकारला खोटी बिलं लावण्याविरुद्धचा हा कायदा १८६३ चा, अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्याला गंडवणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला. नुकसानीच्या तिप्पट भरपाई, वर क्लेममागे दंड, तेव्हा किमान अकरा हजार डॉलरच्या वर. साठ-सत्तर डॉलरच्या व्हिजिटला.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दोनच महिन्यांपूर्वी मी बोर्डाला ऐटीत सांगितलं होतं, ट्रेनिंग शंभर टक्के पूर्ण. हा नियम त्यात होता, त्रेचाळिसाव्या स्लाइडवर. डॉक्टर रजेवर आहेत हे बिलिंगला कोण कळवणार, हे मात्र कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. फ्रिजला माहीत होतं, बिलिंगला नाही.

वकील आले, महिने गेले, पैसे परत गेले. नर्स प्रॅक्टिशनरची बिलं आता त्यांच्याच नंबरावर जातात, आणि दर महिन्याला रजेचा तक्ता क्लेम्सशी लावून बघतो.

फोन कुणाचा, हे मी कधी शोधलं नाही. तो फोटो काढल्याच्या पुढच्या आठवड्यात पॅन्ट्रीत गेले होते, तर फ्रिजवर नुसतं चुंबक. कॅलेंडर कुठे गेलं, मी विचारलं.

"नवीन वर्ष लागलं ना," मॅनेजर म्हणाली, "म्हणून काढलं."