भूतान उघडलंय, पण हिशोब आधी मांडा

२०१८ साली भूतानच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगला परमिट काढलं आणि सरळ थिंपू गाठलं होतं. शुल्क वगैरे काही नाही. त्याच भरवशावर २०२२ च्या नोव्हेंबरात निघालो आणि हात पोळले.

मार्च २०२० पासून बंद असलेलं भूतान २३ सप्टेंबरला उघडलं, हे एजंटाने उत्साहाने सांगितलं. आता भारतीयांनाही माणशी, रात्रीला १२०० रुपये विकास शुल्क (एसडीएफ) आहे, हे मात्र सीमेच्या अलीकडच्या जयगावला पोहोचल्यावर! ‘पॅकेजमध्ये सगळं आलं’ म्हणजे त्याच्या लेखी हॉटेल, गाडी, गाइड. आम्ही चौघं, सहा रात्री, म्हणजे २८,८०० वरून. इतर परदेशी लोकांना तेव्हा २०० डॉलर पडायचे म्हणे. आम्हाला त्याचं काय कौतुक? ‘एसडीएफ धरून किती?’ हे लेखी विचारा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याखाली माफ. आधार कार्ड चालत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या. आपली गाडी आत न्यायचे तेव्हा दिवसाला ४५०० घेत होते, तो विचार सोडा.

एजंटाची दुसरी थाप तक्तसांगची, म्हणजे पारोजवळच्या कड्यावरच्या मठाची. ‘घोडा मिळतो, बाबांनाही जमेल.’ घोडा जेमतेम निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत जातो आणि उतरताना तोही नाही. आम्ही दर रविवारी सिंहगड चढणारे, पण इथला गाडीतळच सिंहगडाच्या माथ्याच्या दुप्पट उंचीवर आहे. मठ ३१२० मीटरवर. शेवटच्या वळणावर तो समोर असा दिसतो की हात लांबवला तर भिंतीला लागेल. मध्ये दरी. पायऱ्या आधी खाली धबधब्यापर्यंत उतरतात, मग पुन्हा वर, शेकड्यांनी. आणि परतताना त्याच उतरलेल्या पायऱ्या चढायच्या! तिथे बाबांचा गुडघा बोलला. साठीपुढच्यांना कॅफेटेरियातच चहा पाजा, मठ तिथूनही दिसतो.

पुनाखा, डोचुला खिंड छानच, गाडीतून होतं. पश्चिमेच्या हाआपासून पूर्वेच्या त्राशिगांगपर्यंतची ४०३ किलोमीटरची जुनी पायवाट २०२२ सालीच पुन्हा खुली झाली, तीही डोचुलावरून जाते. आम्ही तासभर चाललो, गुडघ्यापायी परतलो.

तक्तसांगला पायथ्याशी काठी भाड्याने मिळते, ५० रुपये दिले, वसूल. फोन आणि पिशव्या मठाबाहेर ठेवाव्या लागतात. आणि घड्याळ अर्धा तास पुढे करा. आम्ही केलं नव्हतं. ड्रायव्हर पहाटे अर्धा तास थंडीत उभा होता.