आमची वाटचाल : आधी पॅच, मग मोजमाप

चिकलठाणा एमआयडीसीत 1998 साली शेड भाड्याने घेतली तेव्हा पाण्याच्या टाक्या, ट्रस, हाती येईल ते वेल्डिंग करत होतो. जुन्या प्रेशर व्हेसलची, म्हणजे दाबाखाली हवा किंवा वाफ भरतात त्या भांड्यांची दुरुस्ती त्यातलीच. गळतंय? पॅच मारा, ग्राइंडर फिरवा, रंग द्या, बिल लावा.

2003 मध्ये वाफेच्या एका भांड्याला असाच पॅच मारला. हायड्रो टेस्टला, म्हणजे भांड्यात पाणी भरून दाब देऊन बघताना, दाब चढत असताना पॅचच्या कडेने प्लेट फाटली आणि पाण्याची चिळकांडी थेट पत्र्याला लागली. कुणाला लागलं नाही, नशीब. आमचा वेल्ड शाबूत होता. त्याच्या शेजारची जुनी प्लेटच निम्मी झिजलेली होती. ती आम्ही मोजलीच नव्हती. ग्राहकाने पैसे दिले नाहीत, आणि मागायला तोंडही नव्हतं. त्याच महिन्यात उधारीवर प्लेटची जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक थिकनेस मीटर आणला.

झिजलेलं भांडं अजून चालवण्याजोगं आहे का, ते कसं ठरवायचं हे सांगणारं एपीआय 579 हे मानक 2000 साली आलं, आमच्या हाती पडायला बरीच वर्षं गेली. (ते वाचता वाचता धाकट्या भावाच्या चष्म्याचा नंबर वाढला.)

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. पाच हजार लिटरच्या भांड्याची हायड्रो टेस्ट म्हणजे पाच हजार लिटर पाणी. एक जण म्हणाला, "हवेनेच टेस्ट करा ना." नाही म्हणालो. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. भांडं फुटलं तर ती सगळी शक्ती एकदम बाहेर येते. शेवटी तेच पाणी पंपाने एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवलं.

आमचं खरं काम काय, ते जालन्याजवळच्या एका एअर रिसीव्हरवरून (दाबलेली हवा साठवायच्या टाकीवरून) सांगतो. साल 2021. व्यास 1500 मिमी, दाब चौरस सेंटीमीटरला 10 किलो, वय बावीस वर्षं. नेमप्लेटवर रंगाचे थर; खरवडले तर खालची अक्षरंच गंजलेली. ड्रॉइंग नाही, रेडिओग्राफीचा (वेल्डच्या जोडांच्या एक्स-रेसारख्या तपासणीचा) रिपोर्ट नाही. मेंटेनन्सचे काका म्हणाले, "साहेब, बावीस वर्षांत काही झालं नाही ह्याला, आता काय होतंय?"

खडूने चौकटी आखून रीडिंग घेतली. वर 10 मिमी, तळाकडे सर्वांत कमी 8.2. हवेतलं पाणी खाली साचतं आणि ते काढायचा तळाचा ड्रेन कुणी उघडत नाही. आता गोम अशी : स्टीलला 118 मेगापास्कल ताण मंजूर धरला, तर रेडिओग्राफी न झालेल्या जोडाची क्षमता प्रेशर व्हेसलचा कोड (नियमावली) अखंड प्लेटच्या 0.70 पट धरतो आणि जाडी लागते 9 मिमी. म्हणजे नापास. स्पॉट (निवडक जागांची) रेडिओग्राफी झालेली असेल तर 0.85, मग 7.4 पुरते. लोखंड तेच, निकाल वेगळा.

म्हणून परवानाधारक एजन्सी बोलावून, रात्री शेड रिकामी करून जोडांची रेडिओग्राफी केली. फिल्म स्वच्छ निघाल्या. झीज वर्षाला साधारण 0.08 मिमी, शिल्लक 8.2 वजा 7.4 म्हणजे 0.8, म्हणजे दहा वर्षं. भांडं चालवायला हरकत नाही, असं मालकांना दहा वर्षांचं पत्र हवं होतं. आम्ही निम्म्याचं, पाच वर्षांचं दिलं. ते नाराज झाले. पुढच्या दोन कामांना आम्हाला बोलावलंही नाही.

ती पाच वर्षं आता भरत आली. फोन आलाय. ड्रेन रोज उघडत होते की नाही, ते 8.2 च्या जागी काय आकडा येतो त्यावरून कळेल.