तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यापाशी मी का थांबते

दरवर्षी एप्रिलमध्ये कुणीतरी पालक विचारतातच, "बाई, चौथीतल्या पोरांना वादळाचा डोळा दोन-दोन दिवस कशाला शिकवता? पोरं घाबरतात, आणि परीक्षेलाही येत नाही." इतकी वर्षं मी विषय टाळला. आता एकदा सगळं सांगते.

वादळ कसं तयार होतं ते मी आधीही शिकवायचे, आणि बरं शिकवते असं मला वाटायचं. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं, तेही नुसतं वरवर नाही, चांगलं पन्नास मीटर खोलपर्यंत, की वरची हवा वाफ घेऊन उठते. उंचावर वाफेचं पुन्हा पाणी होतं तेव्हा तिच्यातली उष्णता सुटते. त्या उष्णतेनं हवा आणखी जोरात चढते आणि खाली दाब कमी होतो, तिकडे चहूबाजूंनी वारा धावतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न येता वळतो, आपल्याकडे घड्याळाच्या उलट. मी बादलीत पाणी घेऊन पळीनं ढवळायचे, वर भाताचा कोंडा टाकायचे. मधल्या खळग्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा डोळा. इथे सगळं शांत."

तिथे तास संपायचा.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तासाला ११०-१२० किलोमीटरचं वारं घेऊन. आम्ही श्रीवर्धनच्या बाजूचे. सुरुवातीला वारा डोंगराकडून येत होता. पोफळी समुद्राकडे वाकून वाकून मोडत होत्या. पडवीच्या दाराला आम्ही टेबल लावून पाठीनं रेटून धरलं होतं. मग एकाएकी वारं पडलं. उजेड आला. कुठेतरी कोंबडा आरवला. माणसं बाहेर आली, मीही आले. हे काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि तरी उंबऱ्यावर उभी राहून मी "सुटलो" म्हणाले.

तीन घरं सोडून, वर्षापूर्वी माझ्या वर्गात असलेला मुलगा आजीला सांगत होता, "डोळा आलाय. बाईंनी सांगितलंय, इथे शांत असतं." आणि सुटलेली पाडी आणायला तो वाडीत गेला.

दुसरा वारा समुद्राकडून आला. वाढत वाढत नाही, आला तो पूर्ण जोरानंच. अर्धवट मोडलेली एक पोफळ त्याच्या खांद्यावर पडली. रस्त्यात सगळीकडे झाडं आडवी, फोन बंद, वीज नाही. दवाखाना गाठायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. रात्री मी त्याच्याजवळ बसले होते. कण्हता कण्हता त्यानं विचारलं, "बाई, डोळाच होता ना?"

मी खोटं काही शिकवलं नव्हतं. डोळ्यात शांत असतंच. चौथीला त्याहून जास्त कुणी विचारतही नाही. हे मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलंय. पण डोळ्याभोवती ढगांची भिंत असते, सगळ्यात जोराचा वारा त्या भिंतीतच असतो, आणि डोळा सरकला की पलीकडची भिंत गावावर येते, हेही मला माहीत होतं. सांगितलं नाही, कारण पोरं घाबरतील. तुम्ही आज म्हणता, तेच.

नंतर वाडीत गेले. खाली समुद्राकडे तोंड करून पडलेल्या पोफळी, आणि त्यांच्यावर डोंगराकडे पडलेल्या. एकाच दुपारच्या.

आता बादली नाही. मैदानात मुलं हात धरून गोल करतात आणि गोल फिरत फिरत पुढे सरकतात. एक मूल जागेवर उभं, ते गाव. गोलाची पुढची कड त्याच्यावरून जाते, मग मोकळी जागा, मग मागची कड. "वारा कुठून आला?" मी विचारते. "आधी डोंगराकडून, मग दर्याकडून!" वारा जोराचा असला तरी अख्खं वादळ साधारण सायकलच्याच वेगानं सरकतं, म्हणून मधली शांतता बराच वेळ टिकू शकते आणि माणूस फसतो. हे समजायला दोन दिवस लागतात.

या एप्रिलमध्ये गाव झालेली मुलगी मागची कड अंगावर येताना रडली. घरी जेवलीही नाही. तिची आई माझ्यावर चिडली, आणि तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. त्या लेकराला मधे उभं करायला नको होतं. पुढच्या वर्षी गाव मी होईन.