आल्तुन हा येथील मंदिर आणि जेड

मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशातल्या बेलीझ सिटी शहराजवळचा समुद्र उथळ असल्यामुळे मोठी क्रूझ जहाजे तेथे दूरवर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान नौकांतून किनाऱ्यावर नेले जाते. तिथून सुमारे ५० किलोमीटर उत्तरेला आल्तुन हा हे माया लोकांचे प्राचीन नगर आहे. ये-जा करण्यातच सहलीचा बराच वेळ जात असल्याने प्रत्यक्ष अवशेषांसाठी थोडाच वेळ हाती उरतो. तो सगळ्या वास्तूंमध्ये विभागण्यापेक्षा एकाच मंदिराला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

दगडी वेद्यांचे मंदिर म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू सुमारे १६ मीटर उंच आहे. जुन्या बांधकामावर नवे चढवत ती अनेक टप्प्यांत उभी राहिली. पायऱ्या चढून माथ्यावर गेले, की कळते की येथील वेदीवर माया लोक जेड या कठीण हिरव्या दगडाच्या घडीव वस्तू फोडून, कोपाल नावाच्या सुगंधी राळेबरोबर अग्नीला अर्पण करत असत. हा जेड बेलीझमधला नव्हे. तो ग्वाटेमालातील मोटाग्वा नदीच्या खोऱ्यातून येत असे. धातूची अवजारे हाताशी नसताना, दगड आणि वाळूने घासून घासून ज्याला आकार दिला, तो मौल्यवान जेड लोकांनी स्वतःच्या हाताने फोडावा, या श्रद्धेपुढे मी नतमस्तक झाले.

याच मंदिरात १९६८ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पेंडरगास्ट यांना एका वृद्ध पुरुषाच्या थडग्यात जेडचे अखंड कोरलेले मस्तक मिळाले. सूर्यदेव किनिच अहाऊचे मानले जाणारे हे मस्तक ४.४२ किलो वजनाचे आहे. वेदीवर जे फोडायचे, तेच या मृताबरोबर न फोडता ठेवले गेले, यावरून त्या माणसाचा मान केवढा असेल, याची कल्पना येते.

माया लोक गूढपणे नाहीसे झाले, असे अशा सहलींत वारंवार ऐकू येते, आणि ते मला फार खटकते. नगर ओस पडले, हे खरे. परंतु मोपान आणि केक्ची माया लोक आजही दक्षिण बेलीझमधील टोलेडो जिल्ह्यात राहतात, आपल्या भाषा बोलतात आणि मक्याची शेती करतात.