गुळाचा रंग ठरतो तिथे: कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर एक सकाळ

कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की शहर संपताच दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. थंडीच्या दिवसांत इथे आधी वास येतो, मग धुराडं दिसतं. गुऱ्हाळं साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत चालतात. यायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत या. तेव्हा ऊस पुरता पिकलेला असतो आणि रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, 20-22 च्या घरात असतो. उजाडायच्या आत पोचा आणि तीन-साडेतीन तास हाताशी ठेवा. रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) पडल्यापासून गूळ वाफ्यात (निवण्यासाठीच्या पसरट हौदात) येईपर्यंतच्या एका फेरीला इथे ‘आदण’ म्हणतात. ते अर्धवट बघून काही कळत नाही.

चरकाशी पोचलो तेव्हा मोळ्या उतरत होत्या. पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ऊस कधी तोडला? आदल्या संध्याकाळी किंवा रात्री तोडलेला असेल तर उत्तम. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर विघटित होऊ लागते आणि तसल्या रसाचा गूळ कितीही आटवला तरी घट्ट बसत नाही, चिकट राहतो. वाढे आणि कोवळे शेंडेही चरकात जाऊ द्यायचे नसतात. जमिनीचा गुण तर थेट जिभेवर येतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारा लागतो, आणि युरिया जास्त झालेल्या उसाचा गूळ काळपट पडतो, टिकतही नाही. गुळासाठी कोसी 671, को 86032 आणि को 92005 या जाती इथे नावाजलेल्या आहेत.

रस गाळून काहिलीत येतो. एका काहिलीत हजार-बाराशे लिटर रस मावतो. खाली चुलवाण म्हणजे भट्टी, आणि त्याच्या तोंडाशी बसलेला जळव्या वाळलेली चिपाडं मुठीमुठीने आत सारत असतो. लाकूड नाही, कोळसा नाही. ज्या उसाचा रस वर उकळतो त्याचीच चिपाडं खाली जळतात. पण ती दोन-तीन दिवस उन्हात वाळलेली हवीत. ओली असली की जाळ बसतो, आदण लांबतं आणि जास्त वेळ शिजलेल्या रसाचा रंग उतरतो.

रस तापायला लागला की गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचं, काम सुरू होतं. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, सामू (पीएच) 5.2 ते 5.4. चुन्याची निवळी घालून तो 6 च्या आसपास आणतात. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर काळा पडतो. मग रानभेंडी. हजार लिटरला तिची दीड-दोन किलो खोडं ठेचून पाण्यात भिजवतात आणि चोळून बुळबुळीत पाणी काढतात. ते पाणी रसात पडलं की मळी गोळा होऊन वर येते. हिरवट-काळी, साईसारखी जाड. ती उकळी फुटायच्या आत काढावी लागते. एकदा रस खळखळू लागला की मळी पुन्हा आत मिसळते आणि मग ती निघत नाही. स्वच्छ गुळाचं निम्मं काम या पंधरा-वीस मिनिटांत होतं.

त्यानंतर जाळ मोठा. फेस काठाशी आला की गुळव्या एरंडेलाचे किंवा शेंगतेलाचे थोडे थेंब टाकतो, फेस तिथेच बसतो. 105-106 अंशांना काकवी तयार होते. हवी असेल तर आधी सांगून ठेवा, कारण ही वेळ लवकर निसटते. पुढे बुडबुडे मोठे आणि जड होतात, आणि आता जाळ कमी करायचा असतो. इथे हयगय झाली तर तळ करपतो.

पाकाची परीक्षा थंड पाण्यात. गुळव्याने फावड्यावरचा थोडा पाक पाण्यात सोडला, बोटांनी चाचपला आणि मान हलवली. “अजून गोळी हुईना, थांबा.” दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. या वेळी घट्ट गोळी झाली, भांड्याच्या कडेवर आपटली तर टण्णकन वाजली. तापमापी लावला असता तर 118 च्या जवळपास दिसला असता. तत्क्षणी काहील उतरवून गूळ वाफ्यात ओततात. मिनिटभर उशीर झाला तरी गूळ कडक आणि काळपट होतो. घाईने उतरवला तर ढेप बसत नाही आणि पावसाळ्यात पाझरते. वाफ्यात तो अधूनमधून हलवतात. फार घोटला तर कणी मोडते. मग ओलं फडकं घातलेल्या साच्यात भरतात. टनभर उसाला साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ मिळतो.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीपासून इथली पेठ वाढली. इथला गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातला जातो. आता रंगाचं. बाजारात पिवळाधमक गूळ चढ्या भावाने उचलला जातो, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस ही गंधकयुक्त रासायनिक पावडर पडते. ती रंग विरंजित करते, तो रंग पुढे टिकत नाही, आणि गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो. याला शेतकऱ्याइतकाच पिवळा रंग मागणारा गिऱ्हाईकही जबाबदार आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण काळा दिसला म्हणजे गूळ बिनरसायनी, ही समजूतही तितकीच चुकीची. शिळा ऊस, जास्त चुना, न काढलेली मळी, करपलेला तळ, यांतलं काहीही गूळ काळा करतं. चांगला बिनरसायनी गूळ सोनेरी ते तांबूस असतो, फोडल्यावर आत बारीक कणी चमकते आणि चव खारट लागत नाही. नुसता रंग बघून निवड करू नका. ऊस कधी तोडला, मळी कशाने काढली, हे विचारा. गुऱ्हाळावरची माणसं आनंदाने सांगतात.

जाताना घरचा स्टीलचा डबा न्या. चरकाच्या पट्ट्यापासून आणि काहिलीच्या काठापासून मुलांना लांब ठेवा, उकळता पाक अंगाला चिकटून राहतो आणि खोल भाजतो. फोटो काढण्याआधी विचारा. रसाचे पैसे बहुतेक कुणी घेत नाही, म्हणून निघताना दोन-चार किलो गूळ तरी तिथूनच घ्या. उसाच्या कांडीवर गरम गूळ लावून हातात देतील, तो उभ्याउभ्याच खायचा. काकवी गरम असताना झाकण लावू नका. आत वाफेचं पाणी सुटलं की ती आंबते. आम्ही डबा उघडाच मांडीवर धरून निघालो, तेव्हा मागे काहिलीत दुसऱ्या आदणाचा रस पडायला लागला होता.