एका दिवसाच्या खाड्याने काय होतं

बुधवार, रात्री

काल सकाळी ऑफिसचा कॉल लागला म्हणून टेकडीवर चालायला जायचं राहिलं, आणि संध्याकाळभर मनात तेच, की झालं, सुटलं आता, परत एक तारखेपासून बघू. हे "एक तारखेपासून" मला फार घातक वाटतं. एक दिवस हुकतो त्याचं काही नाही, त्या एका दिवसाच्या नावावर आपण अख्खा महिना सोडून देतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास आहे, २०१० मधे छापून आलेला, ९६ लोकांचा. एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४, इतका फरक, आणि पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय लागायला जास्त वेळ लागला. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे, मधेच एखाद्या दिवशी राहिलं तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. हे व्यायाम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे!

त्या लोकांनी आपलं काम रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलं होतं. माझं चहाला जोडलंय. चहा झाला, कप विसळला की बूट घालायचे, जावं की नको हा विचार बूट घातल्यावर.

आज गेले. वेताळ टेकडीवर चिखल आहे त्यामुळे स्पीड कमी, पण चढावर बोलता येत होतं आणि गाणं म्हणता येत नव्हतं, म्हणजे मध्यम व्यायाम झाला. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आठवड्याला निदान १५० मिनिटं असाच व्यायाम सांगते, रोज अर्धा तास धरला तर पाच दिवसात होतो, दोन दिवस हातात राहतात, मग कालच्या खाड्याचं एवढं काय घेऊन बसायचं. खाणीपाशी नेहमीच्या काकू भेटल्या, "काय गं, काल दिसली नाहीस?" एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या, पण कुणीतरी आपली वाट बघतं याने जे होतं ते मोबाईलवरच्या रिमाइंडरने होत नाही, मला तरी नाही.

आईला पण सुरू करायचंय. तिला पर्वतीच चढायचीये पण गुडघे दुखतात, १०३ पायऱ्या आत्ताच नको म्हटलं, आधी सारसबागेत सपाटीवर चालू. रविवारी सातला निघतोय.