नदीच्या भरवशावर बसवलेला नकाशा

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीचा शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर नेमका बसवायचा, एवढंच ठरवलं होतं. शनिवार-रविवारचं काम वाटलं. तीन आठवडे गेले.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने जुनी शीटं स्कॅन करून फुकट दिली आहेत. मी ‘ब्राइट एंजल’ आणि ‘विष्णू’ उतरवून घेतली. खात्याच्या फ्रान्स्वा मॅथेस या नकाशाकाराने १९०२ मध्ये हाती घेतलेलं हे काम. प्रमाण १:४८,०००, समोच्च रेषा दर ५० फुटांवर. कड्यावर प्लेन टेबल (तिपाईवरचा सपाट फळा) मांडायचं, समोरच्या सुळक्यावर दुर्बीण रोखून रेघ मारायची, दुसऱ्या जागेवरून पुन्हा मारायची; दोन रेघा छेदतील तिथे सुळका. दरीत न उतरता बरंच काही मोजता येतं ते असं.

पहिली चूक बाळबोध होती. कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश मी आजच्या जीपीएसचेच समजून भरले. त्या काळचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, वेगळा, त्यामुळे अख्खा नकाशा बाजूला सरकला.

मग नदी धरली. ओढे जिथे दरीतल्या कोलोराडो नदीला मिळतात ते संगम ठळक दिसतात, म्हणून तिथेच नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशा आणि उपग्रहचित्र दोन्हीवर एकच जागा दाखवणाऱ्या खुणा, टोचले. जुळेना. वैतागून ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही जुळवणीची पद्धत लावली, त्रुटी शून्य! दोन दिवस खूश होतो. ही पद्धत नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदू जागेवर आणतेच, चुकीचासुद्धा, हे नंतर उमगलं.

१९२३ ची नदीची शीटंही जोडायची होती. धरणाच्या जागा शोधायला त्याच खात्याच्या क्लॉड बर्ड्सआयची तुकडी दरीच्या वरच्या टोकाच्या लीज फेरीहून होड्यांनी मोजत निघाली होती. लाव्हा फॉल्स या खळाळापाशी पुराचं पाणी २१ फूट चढलं, तरी मोजणी पुरी केली. त्यांच्या शीटवर क्रिस्टल ओढ्यापाशी पात्र ऐसपैस. डिसेंबर १९६६ च्या पुरात ओढ्याने इतके धोंडे आणून टाकले की पात्र आवळलं आणि साधा खळाळ भयंकर झाला. मी नेमका तोच संगम स्थिर मानला होता.

नदीवरचे सगळे बिंदू काढले, सुळक्यांवर गेलो. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटनने त्यातल्या काहींना शिव, विष्णू अशी नावं दिली होती. शेजारी ब्रह्माही आहे. तिघांना टोचलं, कड्यावरचे पाच बिंदू घेतले, रबरासारखं न ताणणारं साधं रूपांतर लावलं. नकाशा बसला.

क्रिस्टलचा बिंदू मात्र पुसला नाही, वेगळ्या थरात ठेवलाय.